जुनी कॅसेट, नवी पेटी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले आणि ओसरले. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्यापैकी एकाच्या घरी तळमजल्यावरचे उरलेसुरले सामान उन्हात पसरले होते. पुस्तकांचा लगदा झाला होता, त्याविषयी पुन्हा कधीतरी. त्या चिखलात एक पिवळ्या प्लॅस्टिकची व्हिडिओ गेमची कॅसेट सापडली. ती उघडून स्वच्छ पाण्याने धुतली, चार दिवस वाळवली, पितळी दातांवरून स्पिरिटचा बोळा फिरवला. ती ज्या पेटीबरोबर १९९० च्या दशकात घरात आली होती ती पेटी केव्हाच भंगारात गेली होती. म्हणून साताऱ्याच्या मित्राकडून, म्हणजे या लेखाच्या दुसऱ्या लेखकाकडून, त्याने पुष्कळ वर्षांनी घेतलेली वेगळ्याच नावाची पेटी आणली. कॅसेट खोवली, आणि पडद्यावर यादी उमटली.

त्याच आठवड्यात विभागाच्या जुन्या वार्षिकाची एक सीडी उघडून पाहण्याचा योग आला. ती वरच्या मजल्यावर कपाटात कोरडी होती. संगणकाने ती विनातक्रार वाचली आणि पडद्यावर रोमन अक्षरे, चिन्हे, कंस यांची रांगोळी काढून दाखवली. आमच्याच विद्यार्थ्यांनी लिहिलेले, आम्हीच तपासलेले लेख होते ते. त्यांतले एक वाक्यही वाचता येईना. पुरातून निघालेली वस्तू चालते आणि कोरडी राहिलेली वस्तू वाचता येत नाही, या विसंगतीने आम्हांला प्रस्तुत लेखाकडे ढकलले. साहित्याच्या वाचकांपुढे खेळण्याच्या यंत्रांचा इतिहास मांडण्याचे आमचे समर्थन एवढेच आहे.

नव्या यंत्रावर जुन्या यंत्रासाठी रचलेली कृती चालणे, या गुणाला इंग्रजीत बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात. मराठीत त्याला रूढ शब्द नाही. आम्ही येथे 'पूर्वानुकूलता' असा शब्द वापरणार आहोत; तो कोणाला जड वाटल्यास 'मागची सोय' म्हणावे.

कॅसेट बदलून खेळ बदलता येणारी यंत्रे घराघरांत रुजवली ती अमेरिकेतील अटारी कंपनीने, १९७७ साली बाजारात आणलेल्या आणि पुढे '२६००' या आकड्याने ओळखल्या गेलेल्या यंत्राने. पाच वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याच कंपनीने '५२००' हे अधिक ताकदीचे यंत्र आणले. त्यात जुन्या कॅसेटी चालत नव्हत्या. लोकांच्या घरी कॅसेटींचे ढीग असताना त्यांना ते सगळे बाजूला ठेवायला सांगण्यासारखे हे होते. गंमत अशी की, त्याच वर्षी आलेल्या कोलेकोव्हिजन या प्रतिस्पर्धी यंत्राला एक जोडखोका मिळाला आणि त्यात अटारी २६०० च्या कॅसेटी चालत. म्हणजे अटारीची मागची सोय अटारीने केली नाही, शेजाऱ्याने केली. अटारीने दावा लावला. प्रकरण तडजोडीने मिटले. पुढे '७८००' या यंत्रात अटारीने चूक दुरुस्त केली आणि जुन्या यंत्राची चित्र-ध्वनीची चिप जशीच्या तशी नव्या यंत्रात बसवली. तोवर बाजार दुसऱ्याचा झाला होता.

तो दुसरा म्हणजे जपानची निन्टेंडो. १५ जुलै १९८३ रोजी तिचे 'फॅमिली कॉम्प्युटर' हे यंत्र जपानमध्ये विक्रीस आले. त्याला तेथे लाडाने 'फॅमिकॉम' म्हणत. सातारा-सांगलीत ज्याला नुसते 'व्हिडिओ गेम' म्हटले जाई, त्या पेट्यांचा हा मूळपुरुष. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचे मर्म या यंत्राच्या एका मर्यादेत आहे.

फॅमिकॉमचा प्रोसेसर कॅसेटमधील आज्ञावलीचा एका वेळी फक्त ३२ किलोबाइट एवढाच भाग पाहू शकत असे. चित्रांसाठी आणखी ८ किलोबाइट. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ नेमका या ४० किलोबाइटांत मावतो. त्यातले ढग आणि झुडपे ही एकच आकृती वेगळ्या रंगात आहे, ती जागेच्या याच ओढाताणीमुळे. यापुढे मोठे खेळ कसे करायचे? निन्टेंडोने आधी नेहमीचा मार्ग धरला, जोडयंत्राचा. फेब्रुवारी १९८६ मध्ये फॅमिकॉमला खालून जोडायचे डिस्कचे यंत्र आले. डिस्क स्वस्त होती आणि दुकानात नेऊन तिच्यावर नवा खेळ भरून घेता येई. पण एका-दोन वर्षांतच ते यंत्र मागे पडले, कारण दुसरी युक्ती सापडली होती. वाढीव यंत्रणा पेटीत न घालता कॅसेटमध्येच घालायची. कॅसेटमधल्या एका छोट्या चिपने मोठ्या आज्ञावलीची पाने उलटायची आणि हवे ते पान प्रोसेसरपुढे धरायचे. प्रोसेसरला बिचाऱ्याला वाटते की आपण तीच ३२ किलोबाइटांची चौकट पाहतो आहोत. १९८८ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' अशा रीतीने पहिल्या मारिओच्या सुमारे नऊपट-दहापट आकाराचा झाला, आणि तो चालला मात्र १९८३ च्याच पेटीत.

यंत्राची सुधारणा म्हणजे जुनी पेटी टाकून नवी घेणे, हा समज येथे उलटा होतो. पेटी अचल राहते; सुधारणा ज्याची त्याची कॅसेट स्वतःबरोबर घेऊन येते. आम्हां मराठीच्या शिक्षकांना यात ओवीची आठवण होणे अपरिहार्य आहे. साडेतीन चरणांची चौकट ज्ञानदेवांनी वापरली, एकनाथांनी वापरली, मुक्तेश्वरांनी वापरली. जे नवे आले ते चौकटीच्या आत आले. उपमा फार ताणत नाही.

आता ही पेटी कृष्णेकाठी कशी पोहोचली ते पाहू. त्या काळात आयातीवर निर्बंध होते. निन्टेंडोचे यंत्र भारतात 'सामुराई' या नावाने परवान्यानिशी, सुटे भाग येथे जुळवून विकले गेले. पण आमच्या पिढीने पाहिले ते बहुतांशी वेगळेच काही होते. अमेरिकेत पाठवलेल्या यंत्रात निन्टेंडोने कुलूप बसवले होते. पेटीतली चिप आणि कॅसेटमधली चिप यांची खूण पटल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. जपानी फॅमिकॉमला असे कुलूप नव्हते. त्यामुळे तैवानमधील कारखान्यांनी जपानी यंत्राच्या साठ दातांच्या कॅसेटचा साचा उचलला आणि त्याच्या नकला जगभर पाठवल्या. रशियात ती 'डेंडी' झाली, पोलंडमध्ये 'पेगॅसस', आपल्याकडे 'मीडिया', 'लिटल मास्टर' आणि अशीच इतर नावे. पुढे तर अख्खे यंत्र एका चिपमध्ये मावू लागले. पेटी उघडली तर आत एका हिरव्या पाटीवर काळ्या लाखेचा एक थेंब, एवढेच.

मूळ मालकाने १९९० मध्ये 'सुपर फॅमिकॉम' आणला, त्यात जुन्या कॅसेटी चालत नव्हत्या. वास्तविक त्याचा प्रोसेसर ज्या घराण्यातला होता, त्या घराण्याला जुन्या प्रोसेसरचे सोंग घेण्याची सोय जन्मजात होती. पण यंत्र म्हणून निन्टेंडोने तो दुवा तोडला. जपानमध्ये फॅमिकॉमचे उत्पादन २००३ मध्ये अधिकृतपणे थांबले. आणि याच सगळ्या काळात, ज्याला मालकाने सोडून दिले होते तो साठ दातांचा साचा, साताऱ्याच्या मोती चौकात आणि सांगलीच्या मारुती रोडवर खेळण्यांच्या दुकानांत राजरोस विकला जात होता. १९९३ ला घेतलेली कॅसेट २००६ ला घेतलेल्या पेटीत चालत असे. वेगवेगळ्या नावांच्या, वेगवेगळ्या आकारांच्या, कोणी कोणाशी करार न केलेल्या पेट्या, आणि त्यांच्यात अशी सोय की ज्या कंपनीकडे सर्व हक्क होते तिलाही ती देता आली नाही. आमच्या मते याचे कारण सरळ आहे. नक्कल करणाऱ्याला साचा बदलण्याचा अधिकार नव्हता आणि त्यात त्याचा फायदाही नव्हता. बाजारात कॅसेटी जशा होत्या तशा त्याच्या पेटीत चालल्या नाहीत तर पेटी परत येणार. कोणाच्याच मालकीची नसलेली गोष्ट कोणी एकाने बंद करू शकत नाही.

याचा अर्थ ही निखळ कौतुकाची गोष्ट आहे असे मात्र नाही. या कॅसेटींवर खेळ रचणाऱ्याचे नाव नसे. पडद्यावरून कंपनीचे नाव पुसलेले, साल पुसलेले, कधी शीर्षकही बदललेले. 'कॉन्ट्रा' कोनामी नावाच्या कंपनीचा आहे, 'बॅटल सिटी' नामकोचा आहे, हे आम्हांला वयाच्या तिशीनंतर कळले. रणगाड्यांचा तो खेळ 'टँक' म्हणूनच ओळखला जाई. त्यांना पैसे पोहोचले नाहीत हे तर उघडच आहे. आम्ही वर्गात बौद्धिक संपदेविषयी बोलतो तेव्हा ही गोष्ट घशात अडकते. ती येथे नोंदवून ठेवतो.

पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला मात्र या कॅसेटी म्हणजे मेजवानी आहे. 'चौसष्ट खेळ एकात', 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ एकात' असे आकडे वर छापलेले असत. यादी उघडली की पाने संपत नसत, आणि खेळून पाहिले की मूळ खेळ दहा-वीसच निघत. बाकीच्या नोंदी म्हणजे तोच खेळ तिसऱ्या टप्प्यापासून, तोच खेळ तीस प्राणांसह, तोच खेळ वेगळ्या नावाने. पोथ्यांच्या परंपरेत ज्याला प्रक्षेप म्हणतात त्याचाच हा प्रकार. फक्त येथे प्रक्षेप करणाऱ्याचा हेतू भक्ती नसून आकडा फुगवणे हा होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठांची अशीच गर्दी झाली होती म्हणून. या कॅसेटींना एकनाथ मिळालेला नाही. परदेशांतील काही हौशी मंडळी अशा नकली कॅसेटींची मोजदाद करतात, कोणत्या प्रतीत काय बदलले आहे याचे तक्ते करतात. भारतात विकल्या गेलेल्या कॅसेटींसाठी असे काम आपल्या विद्यापीठांतून व्हावे असे आम्हांला मनापासून वाटते.

आणखी एक पाठभेद, कानांचा. जपानचे टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र उमटवत. आपल्याकडची पाल पद्धती पन्नास वेळा. फॅमिकॉमच्या खेळांचे संगीत सहसा या चित्रगतीलाच बांधलेले असते. आपल्यासारख्या देशांसाठीच्या नकली यंत्रांत प्रोसेसरचा वेग मूळ जपानी यंत्राच्या जवळ ठेवून खेळ मोडू न देण्याची काळजी घेतलेली असे, परंतु चित्राचा ठोका पन्नासाचाच राही. परिणामी जपानी प्रत अशा यंत्रावर चालवली की संगीत मूळ लयीपेक्षा सहाव्या हिश्श्याने संथ होते. आम्ही प्रौढपणी जपानी लयीतला मारिओ प्रथम ऐकला तेव्हा तो आम्हांला घाईचा, काहीसा उथळ वाटला. मूळ कोणते आणि भ्रष्ट कोणते हे ठरवणे कानाला जमत नाही. त्याने आधी ऐकलेले तेच मूळ.

सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीची कथा थोडक्यात उरकतो. तिच्या मेगा ड्राइव्ह (१९८८) या यंत्रात आधीच्या यंत्राचा प्रोसेसर ध्वनीच्या कामाला लावून आत ठेवला होता, त्यामुळे एक जोडखोका लावला की जुने खेळ चालत. ही शहाणपणाची गोष्ट. मग मेगा ड्राइव्हचे आयुष्य वाढवण्यासाठी तिने त्याला १९९१ मध्ये सीडीचे यंत्र जोडले, १९९४ मध्ये '३२ एक्स' नावाचे आणखी एक जोडयंत्र वर बसवले, आणि त्याच वर्षी जपानमध्ये 'सॅटर्न' हे या सगळ्याशी संबंध नसलेले नवे यंत्रही आणले. प्रत्येक जोडयंत्राला स्वतंत्र वीजपुरवठा लागे. जुन्या वाड्याला खोल्या वाढवत जावे आणि शेवटी मालकाने शेजारी फ्लॅट घ्यावा, तसे हे झाले. ज्यांनी खोल्यांचे पैसे भरले होते त्यांचा विश्वास उडाला. भारतात शॉ वॉलेसने १९९४ मध्ये सेगाशी करार करून ८० टक्क्यांच्या आयातशुल्कातून वाट काढण्याचा प्रयत्न केला. तरी १९९५ च्या सुमारास मेगा ड्राइव्हची किंमत अठरा हजार रुपये होती. आमच्या ओळखीत तो कोणाकडेही नव्हता.

पूर्वानुकूलतेचा सर्वांत यशस्वी प्रयोग सोनीच्या प्लेस्टेशन २ मध्ये झाला. मार्च २००० मध्ये आलेल्या या यंत्रात पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर कायमचा बसवलेला होता. नवा खेळ चालू असताना तो बटणे आणि डिस्क यांची देवाणघेवाण सांभाळी. जुना खेळ घातला की तोच मुख्य होई. म्हातारा निवृत्त होऊन घरात बसलेला नाही, दुकानाच्या गल्ल्यावर बसला आहे, आणि जुने गिऱ्हाईक आले की स्वतः उठून माप घालतो आहे, असे काहीसे. जगभर पंधरा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. त्याचे श्रेय केवळ या एका सोयीला देता येणार नाही, पण ज्यांच्याकडे पहिले यंत्र होते त्यांना दुसरे घेताना काही गमवावे लागले नाही, हे महत्त्वाचे होते. निन्टेंडोनेही हातातल्या यंत्रांत हेच धोरण ठेवले. १९८९ च्या गेम बॉयची कॅसेट २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्समध्ये चाले, कारण आत जुना प्रोसेसर वेगळा ठेवलेला होता.

२००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आले. सुरुवातीच्या यंत्रांत प्लेस्टेशन २ च्या चिपा होत्या. त्या महाग पडत होत्या. २००७ च्या मार्चमध्ये युरोपात आलेल्या यंत्रातून मुख्य चिप गेली आणि तिचे काम अंशतः आज्ञावलीवर सोपवले गेले. वर्ष संपण्याच्या आत आलेल्या ४० गिगाबाइटच्या यंत्रातून ही सोय पूर्णच गेली. बाहेरून पेटी तीच, नाव तेच, आणि वरची किंमत कमी. आत काय गेले ते खोक्यावरच्या बारीक अक्षरांत. यंत्राच्या सुधारित आवृत्त्या म्हणजे दर वेळी भरच असे नाही. पुष्कळदा ती वजाबाकी असते. निन्टेंडोच्या डीएस (२००४) मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटीची फट होती, २००८ च्या डीएसआयमध्ये ती बुजली.

या वजाबाकीची झळ आपल्याला नेमकी कोठे लागली, ते सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. २००९ मध्ये, म्हणजे प्लेस्टेशन ३ येऊन तीन वर्षे झाल्यावर, प्लेस्टेशन २ साठी दोन भारतीय खेळ आले. एक 'हनुमान : बॉय वॉरियर', हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने केलेला. दुसरा 'देसी अड्डा : गेम्स ऑफ इंडिया', हैदराबादच्याच गेमशास्त्रने केलेला, त्यात कबड्डी, विटी-दांडू, पतंग. जुन्या यंत्रासाठी का? कारण भारतातल्या घरांत तेच यंत्र होते. नवे यंत्र ज्यांना परवडत होते ते मोजके. हिशेब अगदी रास्त होता. पण त्या सुमारास दुकानात मिळणाऱ्या प्लेस्टेशन ३ मध्ये ती डिस्क चालत नव्हती, २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये चालत नाही, २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्येही नाही. प्लेस्टेशन २ चे उत्पादन थांबल्याची बातमी जानेवारी २०१३ मध्ये आली. म्हणजे या माध्यमात आपण लिहिलेली पहिली काही पाने अशा वहीत लिहिली गेली की जी वही मिटली जाणार हे आधीच ठरले होते.

हे खेळ थोर होते असा आमचा दावा नाही. हनुमानाचा खेळ आम्ही खेळलो आहोत. तो सामान्य आहे. त्यावर परदेशस्थ काही हिंदू संघटकांनी आक्षेप घेतला होता, तेही आता इतिहासाचा भाग आहे. परंतु मराठी कादंबरीच्या आरंभकाळातील सामान्य पुस्तकेही आपण जपतो, त्यांच्यावर प्रबंध लिहितो, 'यमुनापर्यटन' (१८५७) कलादृष्ट्या कसेही असो ते वाचल्याशिवाय पुढे जात नाही. भारतीय खेळांचा इतिहास उद्या कोणी लिहायला बसले तर त्याने पहिला अध्याय कोणत्या यंत्रावर वाचायचा? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी करून असे दाखवले की, २०१० पूर्वी तेथे प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात कोणत्याही वैध मार्गाने मिळत नाहीत. त्या देशात ग्रंथालये आहेत, हौशी संस्था आहेत, पैसा आहे. आपल्याकडे मोजणारेही नाहीत.

या प्रश्नाला मराठीने एकदा फार शहाणे उत्तर दिले आहे, याची आठवण येथे करून द्यावीशी वाटते. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले. अनुच्चारित अनुस्वार गेले, ऱ्हस्व-दीर्घ बदलले. ही लिपीच्या यंत्राची सुधारित आवृत्तीच म्हणायची. पण त्या नियमांतच एक तरतूद आहे: केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य छापायचे असेल तर मुळाबरहुकूम छापावे, त्यानंतरचे मात्र नव्या नियमांनुसार. वर्गात हा नियम आम्ही घाईने उरकत आलो. विचार केला तर लक्षात येते की नियम करणाऱ्यांनी एक रेघ ओढली आहे. रेघेच्या अलीकडचे नव्या यंत्रावर रूपांतरित करून चालवा, पलीकडचे त्याच्या स्वतःच्या यंत्रावर चालू द्या. रेघ नेमकी कोठे असावी याविषयी मतभेद होऊ शकतो. खुद्द केशवसुतांना नव्या शुद्धलेखनात बसवताना वृत्ताची ओढाताण होतेच. पण रेघ ओढली गेली, आणि ती नियमाच्या पोटात लिहिली गेली. सोनीच्या ४० गिगाबाइटच्या खोक्यावर असे काही नव्हते.

आणि त्याच मराठीने संगणकाच्या बाबतीत नेमके उलट केले. १९९१ च्या भारतीय मानकाने, ज्याला इस्की म्हणतात, देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला एक ठराविक आकडा दिला होता. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच झाली. पण छपाईच्या दुकानांत, आणि त्यामुळे महाविद्यालयांत, चालले ते निराळेच टंक. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. एखाद्या टंकात 'क' चे अर्धे अंग जेथे, तेथे दुसऱ्यात वेलांटी. टंक आहे तोवर लेख आहे. टंक गेला की उरते ती रोमन रांगोळी. नकली पेट्यांच्या कारखानदारांना जे साधले ते आम्हां मराठीवाल्यांना साधले नाही: साचा एकच ठेवणे. आमच्या त्या सीडीचा टंक कोणता होता हे दोघांनाही आठवेना. टंकलेखन करून देणारे गृहस्थ वारले होते. ऑनलाइन मिळणारी चार रूपांतरयंत्रे लावून पाहिली; एका यंत्राने बराचसा मजकूर सोडवला, मात्र रफार भलत्या अक्षरावर चढवले आणि जोडाक्षरे विस्कटली. ते दुरुस्त करायला छापील प्रत लागते. ती पुरात गेली होती.

ज्याला सोंग म्हणता येईल अशा मार्गाविषयी, म्हणजे जुन्या यंत्राचे वागणे आज्ञावलीने वठवण्याविषयी, थोडे सांगायला हवे. आज फॅमिकॉम कोणत्याही मोबाइलमध्ये वठवता येतो. निन्टेंडोने स्वतः २०१६ मध्ये तळहाताएवढी पेटी काढली. तिच्यात जुनी चिप नाही, जुन्या चिपचे सोंग आणि तीस खेळ आहेत. कॅसेट घालायची फट नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून एक्सबॉक्स वनवर एक्सबॉक्स ३६० चे निवडक खेळ अशाच प्रकारे चालवले, आणि ज्यांच्याकडे मूळ डिस्क होती त्यांच्याकडून पुन्हा पैसे घेतले नाहीत. अलीकडच्या यंत्रांनी एकूण मार्ग बदललेला दिसतो. प्लेस्टेशन ४ ची २०१६ ची आणि प्लेस्टेशन ५ ची २०२४ ची 'प्रो' आवृत्ती म्हणजे तेच यंत्र थोडे वेगवान. सगळे खेळ दोन्हींवर चालतात. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या स्विच २ वर आधीच्या स्विचचे बहुतेक खेळ चालतात. मोबाइलप्रमाणे दर काही वर्षांनी पायरी चढायची, मजला बदलायचा नाही, असे हे धोरण. त्याबरोबरच डिस्क आणि कॅसेट मात्र हळूहळू नाहीशी होते आहे. मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली आणि ज्यांनी तेथून काही घेतले नव्हते त्यांना ते यापुढे घेता येणार नाही असे झाले. नव्या यंत्राची मागची सोय उत्तम असून उपयोग काय, जर खोवायला हातात काही उरणारच नसेल?

त्या पिवळ्या कॅसेटीकडे परत येऊ. यादीत अकरावा खेळ बदकांच्या शिकारीचा होता. साताऱ्याच्या पेटीबरोबर प्लॅस्टिकची बंदूकही होती, तारेसह शाबूत. घरातल्या मुलीने नेम धरला, चाप ओढला. बदक उडून गेले. पुन्हा, पुन्हा. पडद्याला नळी टेकवली तरी नाही. कॅसेट चालत होती, पेटी चालत होती, बंदूकही बिघडलेली नव्हती. ती बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीवर प्रकाशाचा ठिपका नेमक्या कोणत्या क्षणी उमटतो यावर नेम ठरवते. भिंतीवरच्या सपाट टीव्हीला चित्र दाखवायला किंचित उशीर होतो, आणि तेवढ्या उशिरात बदक वाचते. काचेचा टीव्ही पुराच्या आदल्या वर्षीच आम्ही भंगारवाल्याला देऊन टाकला होता. त्याने तो वजनावर घेतला.

सध्या आम्ही असे करतो आहोत: सीडीवरचे लेख एकेक करून त्यांच्या लेखकांना पाठवतो. ते आता इस्लामपूर, कराड, वाई, कोणी पुण्यात नोकरी करतात. आपला विशीतला लेख वाचून त्यांनी आठवेल तसा विस्कटलेला मजकूर लावून द्यावा, अशी विनंती करतो. सत्तावीसपैकी नऊ परत आले आहेत. त्यांतल्या दोघांनी लेख दुरुस्त करण्याऐवजी नव्यानेच लिहून पाठवला, आणि तो कोणत्या सालाखाली लावायचा, यावर आमच्या दोघांचे अजून एकमत झालेले नाही.